जुनेराचा जोड

बाळाला बुटांची गरज नसते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे कौतुक चालणार आहे ते नेमकं कुणाचं, याबद्दल घोटाळा नको. जे मूल अजून उताणं पडून पंख्याकडे बघत हुंकार देतंय, त्याला बूट घालून जायचंय कुठे? त्याच्या तळव्यांना ना खडे टोचणार, ना चटके बसणार. आपल्या जुन्या बायकांनी हे बरोबर ओळखलं होतं. झबली, टोपडी, कुंची, लाळेरी, दुपटी असा सगळा बाळंतविडा त्यांनी बारकाईने ठरवून ठेवला. पायात मात्र चांदीचे वाळे घातले आणि तळवे उघडे सोडले.

वैद्यकाचंही म्हणणं काही वेगळं नाही. मोठ्या माणसाच्या एका पावलात २६ हाडं असतात. तान्ह्या बाळाच्या पावलात ती अजून पुरती हाडं झालेलीच नसतात. बराचसा मामला कूर्चेचा, आणि वरून चरबीची गुबगुबीत गादी. म्हणून तर बाळाचा तळवा सपाट दिसतो, कमान कुठे सापडत नाही. ती कमान पुढे हळूहळू घडते, आणि पाय मोकळे असले तर चांगली घडते. राव आणि बेंजामिन जोसेफ या दोन भारतीय डॉक्टरांनी दक्षिण भारतातल्या ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पायांचे ठसे घेऊन १९९२ साली एक अभ्यास छापला. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. त्यातही पुढून बंद असलेले बूट सगळ्यांत वाईट. बूट घातले की मूल लवकर चालायला लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन आकडे फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावेत.

एवढं सगळं माहीत असूनही मी बूट शिवते. कापडाचे, मऊ, मुठीत मावणारे, जुन्या कपड्यांचे. चालण्यासाठी मुळीच नाहीत, थंडीसाठी आहेत.

माझ्या भावाचं घर निफाडला. महाराष्ट्रातला सर्वांत कमी पारा म्हणून हिवाळ्यात वर्तमानपत्रात जी नावं छापून येतात, त्यांत निफाड हमखास असतं. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. जिथे द्राक्षांना शेक देतात तिथे दोन महिन्यांच्या बाळाचे तळवे उघडे ठेवायचे म्हणजे काय! लोकरीचे मोजे असतात, पण ते दोन लाथांत निघतात आणि निघाले की थेट तोंडात जातात. मग बाळाच्या जिभेवरून लोकरीचे केस काढत बसा. टाचेशी बारीक इलॅस्टिक असलेला कापडी बूट त्यामानाने टिकून राहतो. अर्थात टिकतो म्हणजे पंधरा मिनिटं जास्त.

दिवाळी सरता-सरता भाची झाली आणि मी आत्या झाले. आत्याचा मान मोठा. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, कुर्र करायचं आणि पाठीत बायकांचे धपाटे खायचे. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? आमच्याकडे बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. पुष्कळ घरांत ही रीत आहे आणि तिच्यामागे जुनी धास्ती आहे. जिथे पाचवीला सटवीची पूजा होईपर्यंत कुणी सुटकेचा श्वास टाकत नसे, तिथे आधीच कपडे शिवून ठेवण्याचं धाडस कोण करणार? म्हणून पहिल्या दिवसांत लागायचं ते जुनेर. घरातलं मऊ लुगडं, धोतराचे धडपे, त्यांची बाळोती. तान्ह्या जिवाला पहिला स्पर्श जुन्या कापडाचा व्हायचा. त्यामुळे बाळ झाल्यापासून बारशापर्यंतच्या दिवसांत जे होईल ते, आणि घरात जे जुनं आहे त्यातून, असं माझं ठरलं.

या रीतीतली धास्ती आता गेली आहे, तिला निरोप द्यायला हरकत नाही. जुनेर मात्र ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणं भावनेची नाहीत, कापडाची आहेत. मागावर उभं सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. दुकानात कापड कडक नि नीटस दिसावं म्हणून वरून आणखी काहीबाही चढवतात. नवा रंग पहिल्या धुण्यांत सुटतो. नवं सुती कापड आटतं. एवढ्याशा बुटात अर्धा सेंटिमीटर आटलं की बूट गेला. जुन्या कापडाचे हे सगळे चाळे करून झालेले असतात. त्याची खळ कधीच वाहून गेली, सुटायचा तो रंग सुटला, आटायचं तेवढं आटलं. आता ते कसं वागणार हे आपल्याला ठाऊक असतं. नव्या कापडाबद्दल असं कुणी छातीठोक सांगावं!

पण सगळंच जुनं कापड चालत नाही, आणि इथेच माझं बहुतेकांशी भांडण आहे. हल्ली आठवणींचे कपडे जपून त्यांचं काहीतरी करायची हौस फार वाढली आहे. लग्नातल्या शालूचे बाळाला बूट, आजोबांच्या सुटाची टोपी. फोटोत छान दिसतं. शालूची जर मात्र टोचते, आणि टोचतंय हे सांगायला बाळाला भाषा नसते. ते रडतं आणि आपण म्हणतो, पोटात दुखत असेल. आठवणीचं कापड आणि पायाचं कापड एकच निघालं तर उत्तम. नाही निघालं तर आठवण कपाटात ठेवावी.

माळ्यावरचं बोचकं सोडून मी सगळं पलंगावर मांडलं. वर आली बाबांची टेरिकॉटची पँट. वर्षानुवर्षं ते हीच पँट घालून कचेरीत गेले. तिची घडी त्यांच्या स्वभावासारखीच अजून मोडलेली नव्हती. हात फिरवला आणि बाजूला ठेवली. टेरिकॉट घाम शोषत नाही, आणि बाळाच्या तळव्यांना घाम येतो. मग आईच्या पॉलिस्टरच्या साड्या, त्याही बाद. भावाचे बनियन नि टीशर्ट: मऊ खरे, पण होजिअरीची कड कापली की गुंडाळी होते, आणि ती उलगडत शिवण्यात जीव जातो. आजीचं इरकली लुगडं निघालं. अंग सुती, पदर लाल रेशमाचा. सुती ताण्यात रेशमी ताण्याचे फास अडकवून तो पदर मुळातच जोडलेला असतो. अंगाचा भाग उजेडासमोर धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. दोन्ही अंगठ्यांनी जरा ताणलं तर सूत सरकलं. इतकं विरलेलं कापड गोधडीत खपतं, कारण तिथे थरावर थर बसतात आणि धावदोरा सगळ्यांना सांभाळून घेतो. बुटाच्या शिवणीवर ताण असतो, तिथे ते पहिल्या दिवशी उसवेल. पण काठ! काठाला काहीही झालं नव्हतं. सगळं लुगडं विरलं तरी काठ धड राहतो. दाट विणलेला असतो ना. काठ मी कापून घेतला.

तळाला ठरली भावाची जुनी जीन्स. जीन्सचे गुडघे आणि बसायची जागा गेलेली असते, तिच्या वाटेला जाऊ नये. पोटरीमागचा भाग मात्र जवळजवळ कोरा राहिलेला असतो, कारण तिथे ना घासणं, ना ताण. तिथून सगळ्यांत चांगलं कापड मिळतं. आणि एक गंमत: जीन्समध्ये उभं सूत निळीत रंगवलेलं आणि आडवं पांढरंच ठेवलेलं असतं, त्यामुळे तिची उलट बाजू पावसाळी आभाळाच्या फिकट रंगाची निघते. मी तळाला सुलट बाजू लावली आणि चवड्यावर उलट. एकाच पँटीत दोन रंगांची सोय झाली.

राहिलं अस्तर. त्यासाठी बाबांचा फलालीनचा सदरा होता. करड्या चौकटींचा, कोपरांवर विरलेला, पण पाठीचा भाग असा की गालाला लावावा. बाबांना जाऊन काही वर्षं झाली. मी कात्री उचलली आणि आमच्या काकू दारातून म्हणाल्या, “अगं, गेलेल्या माणसाचं अंगावरचं नको गं बाळाला.”

यावर बोलण्यासारखं खूप होतं. पणजीच्या लुगड्याचं दुपटं चालतं, किंबहुना शुभच मानतात, कारण पणजी पिकलं पान होऊन गेली. मग आजोबांच्या सदऱ्याने काय घोडं मारलं? पण काकूंचं वय ऐंशीच्या घरातलं, आणि त्यांनी पाळणे रिकामे होताना पाहिलेले. त्यांच्याशी तर्काने भांडण्यात अर्थ नव्हता. मी फोन लावून वहिनीलाच विचारलं. बाळ तिचं, निकाल तिचाच.

ती म्हणाली, “ताई, धुतलाय ना? मग झालं.”

काकूंनी “बाई, आजकालच्या” एवढंच म्हणून स्वयंपाकघर गाठलं. नंतर त्यांनीच रिठ्याच्या पाण्यात तो सदरा पुन्हा एकदा धुऊन कडक उन्हात टाकला. उन्हात टाकला म्हणजे मान्य केला, असं मी धरलं.

माप घेणं हा वेगळाच खेळ. मोठ्या माणसाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवता येते. बाळाच्या तळव्याला कागद लावला की त्याची बोटं मिटतात. तळव्याला काही टेकलं की मूठ आवळल्यासारखी बोटं आवळून धरायची, ही त्याची उपजत खोड. ती सोडवायला जावं तर दुसरा पाय आपल्या नाकावर. शेवटी वहिनीने भाचीला झोपू दिलं आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा धरून तेवढाच तोडून ठेवला. आठ सेंटिमीटर भरला. बारशाला बूट होणार, पण निफाडची खरी थंडी डिसेंबर-जानेवारीतली, आणि तोवर पाऊल वाढणार. म्हणून तळ शिवून दहा सेंटिमीटरचा होईल असा बेतला. बाळाच्या पावलाची घाई थक्क करणारी असते. वर्ष-दीड वर्षाचं होईतो त्याची लांबी मोठेपणीच्या पावलाच्या निम्मी झालेली असते. म्हणजे मूल धड चालायला शिकतंय तोच पावलाचा निम्मा प्रवास उरकलेला!

आकाराबद्दल एक सांगायला हवं. मोठ्यांच्या बुटाचा आराखडा लहान केला की बाळाचा बूट होत नाही. आपले बूट पुढे निमुळते, बाळाचं पाऊल नेमकं उलटं: टाचेशी अरुंद आणि बोटांशी पसरट. बाजारात बाळांसाठी नाड्यांचे, कडक तळाचे, हुबेहूब मोठ्यांसारखे बूट मिळतात. ते बाळासाठी नसतात, फोटोसाठी असतात. त्यात पाय कोंबताना बाळाचा चेहरा बघावा.

कापडाचे तुकडे तीनच. तळ, त्यावर चवड्याचा अर्धगोल, आणि टाचेला वळसा घालणारी पट्टी. प्रत्येक तुकडा दोनदा, बाहेरून जीन्स, आतून फलालीन. शिवणीसाठी भोवताली अर्धा सेंटिमीटर जागा. कापड सुलट बाजू आत करून दुमडलं आणि दोन्ही पदर एकदम कापले की डावा-उजवा आपोआप मिळतो. घरचं मशीन मी सरळ टिपांपुरतं चालवलं. इलॅस्टिकचा नेफा, काठाची पट्टी, एवढंच. पुढच्या गोलाईला मशीनचा उपयोग नाही. एवढ्याशा वळणावर कापड फिरवता-फिरवता टीप कुठल्या कुठे जाते. तिथे हात हवा.

चवड्याचा मध्य तळाच्या मध्याशी टाचणीने टाचायचा, मग दोन्ही बाजूंनी कच्चे टाके घालत यायचं. चवड्याची कड तळाच्या कडेपेक्षा मुद्दाम लांब ठेवलेली असते, बोटांना वर जागा मिळावी म्हणून. ती जास्तीची लांबी चुण्यांत जिरवायची. मोदकाच्या कळ्या पडतात तशा त्या सारख्या पडल्या तर बूट देखणा होतो, एकीकडे गोळा झाल्या तर बोटांवर गाठ येते. मग दुहेरी दोऱ्याची उलटी टीप, बारीक, न ओढता. टाचेशी जीन्सचे नि अस्तराचे मिळून चार थर जमतात आणि तिथे सुई हटून बसते. सुई साबणाच्या वडीत खुपसून काढली की सरकते, आणि अंगुस्तान नसेल तर बोटाचं काही खरं नाही. शिवण झाली की गोलाईवर कात्रीचे बारीक कातरे द्यायचे, टाक्याच्या अगदी जवळ पण टाका सोडून. हे कातरे दिले नाहीत तर उलटवल्यावर टोक चुरगळलेलं राहतं.

उलटा असेपर्यंत बूट कशासारखाच दिसत नाही. चार धांदोट्या, लोंबणारे दोरे. नेफ्यातून बोट घालून चवडा पकडायचा आणि बाहेर ओढायचा, आतून रवीच्या दांड्याने टोक दाबून बसवायचं. आणि एकदम हातात पाय येतो. पायच. आत कुणी नसतं, तरी चवडा फुगलेला असतो, टाच उभी असते. मी इतकं शिवलंय, ब्लाउजं, झबली, पिशव्या, पण शिवलेल्या वस्तूने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

आता काळजीचं. बाळाचा बूट पायात असतो तितकाच तोंडात असतो. पाच-सहा महिन्यांचं झालं की ते स्वतःचाच पाय धरून चोखतं. म्हणून मणी नको, टिकल्या नकोत, घुंगरू तर नकोच. काकूंनी आणून दिलेलं घुंगरू मी त्यांच्या देखत पाळण्याच्या वरच्या दांडीला बांधलं. टिचबटणसुद्धा नको, इलॅस्टिक पुरतं, तेही सैल. काढल्यावर घोट्यावर वळ दिसला तर उसवून पुन्हा घालावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आतले दोरे. सुटा दोरा किंवा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, पाय हलेल तसा आवळत जातो आणि रक्त अडवतो. बाळ रडत राहतं, बूट कुणी काढून बघत नाही. डॉक्टरांकडे अशी बाळं येतात. म्हणून अस्तराची प्रत्येक शिवण आत झाकलेली हवी, आणि बूट घालण्याआधी दर वेळी उलटा करून बोट फिरवायला हवं. कुणाला हे वेडेपणाचं वाटेल. वाटू दे.

जुन्या चिंध्यांचे बूट ही काही आपलीच मिरास नाही. चीनमध्ये तान्ह्यांना वाघाच्या तोंडाचे कापडी बूट घालायची जुनी रीत आहे; चवड्यावर डोळे, मिशा, कान भरलेले, वाईट नजर वाघाला घाबरून पळावी म्हणून. आणि तिथल्या कापडी बुटांचे तळ खळीने चिकटवलेल्या चिंध्यांच्या थरांचे. फळीवर एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, कापायचे आणि जाड दोऱ्याने टाका टाका जवळ घालून पक्के करायचे. घरोघरच्या बायका हे तळ शिवत. आपली गोधडी अंगावर आली, त्यांची पायात गेली. बाळाला वाघ बनवायची कल्पना मला इतकी आवडली की एका चवड्यावर दोन डोळे काढून पाहिले. वहिनी म्हणाली, “ताई, ही रात्री घाबरेल.” डोळे उसवले. इरकलीचा काठ मात्र दोन्ही बुटांच्या टाचेशी वरच्या कडेला बसला, लाल, लुगड्याची आठवण म्हणून नव्हे तर पकडून ओढायला घट्ट म्हणून.

बोचक्यातलं उरलेलं बोहारणीने नेलं आणि एक पातेली दिली. तिने बाबांची टेरिकॉटची पँट उजेडात धरून पाहिली, शिवण तपासली, आणि त्याच पँटीवर पातेलीचा भाव चढवला. ज्या कापडाला मी नापास केलं ते तिच्या बाजारात पहिलं आलं. कापड वाईट नव्हतंच. कुणाचं तरी आणखी दहा वर्षं अंग झाकेल. बाळाच्या पायाचं नव्हतं, एवढंच.

बारशाला बूट घातले. पाऊल आठचं, बूट दहाचे. कान टोचलेल्या ठिकाणी हळद लावेपर्यंत एक गळून पडला आणि दुसरा काकूंच्या ओच्यात सापडला. डिसेंबरात मात्र बसले. पहाटेचा पारा उतरला की वहिनी घालते, ऊन अंगणात आलं की काढते, आणि मग ती पोरगी दहाही बोटं फाकवून उन्हात धरते. तेवढा वेळ ती अनवाणीच बरी.

आता कुणी शिवायला घेणार असेल त्यांना एवढंच सांगते. एक जोड शिवून थांबू नका. कापलेल्या कापडाच्या उरलेल्या भागातून लगेच दुसराही बेता, पहिल्यापेक्षा एक सेंटिमीटर मोठा. पहिला जोड जेमतेम तीन महिने पुरतो.